फेजची कमान आणि आमची अकरावी

आमच्या शाळेला कमान बांधायची आहे. साधीसुधी नव्हे, मोरोक्कन. घोड्याच्या नालासारखी वर गोल आणि खाली आत वळलेली, निळ्या-हिरव्या फरशीच्या तुकड्यांनी मढवलेली. मधोमध संस्थेचे नाव, उजवीकडे आयत, डावीकडे देणगीदारांची यादी. नकाशा तयार आहे, पावतीपुस्तके छापून आली आहेत. या सगळ्याला कारण आम्हीच, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर पुढचे वाचून कोणी म्हणायचे की हे मास्तर स्वतः परदेशात फिरून आले आणि आता दुसऱ्यांना शहाणपण शिकवतात.

झाले असे. खानदेशातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या आम्ही पाच शिक्षकांनी, त्यात दोन भगिनी, तीन वर्षे भिशी लावली आणि २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मोरोक्कोला जाऊन आलो. उर्दूत या देशाला मराकश म्हणतात. वर्गात नकाशा टांगून छडीने तो दाखवण्यात आमची बरीच वर्षे गेली होती. टूरवाल्याच्या पत्रकावर 'इस्लामच्या सुवर्णयुगाची सफर' असे छापलेले होते. कासाब्लांका, रबात, मेकनेस, फेज, मराकेश; आठ दिवसांत पाच शहरे. परत आल्यावर दोन वर्गांमधली लाकडी फळी काढून आम्ही पालकांना आणि मुलांना फोटो दाखवले. फेजच्या करवियीन मशिदीचा फोटो पडद्यावर आला तेव्हा आमच्यातल्या एकाने आवाज चढवून सांगितले, "हे जगातले सर्वांत जुने विद्यापीठ. इसवी सन ८५९. आणि ते कोणी काढले? फातिमा अल-फिहरी नावाच्या एका मुसलमान बाईने!" टाळ्यांचा कडकडाट झाला. संस्थेच्या सदरसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. कमानीची कल्पना त्याच रात्री निघाली.

टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरून नववीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, वो बाई ने मदरसा बनाया, तो उसमें लडकियां पढती थीं क्या?"

आम्ही म्हणालो, "हो, हो, पढती थीं." आणि पुढचा फोटो लावला.

ते खोटे होते. आम्हाला तेव्हा माहीत नव्हते, हा काही बचाव होत नाही. बी.एड.ला शिकवतात की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे. घरी जाऊन वाचले तेव्हा कळले की करवियीनमध्ये विद्यार्थिनींना रीतसर प्रवेश मिळाला तो १९४० च्या दशकात. एका बाईच्या नावाने चाललेल्या ज्ञानपीठाच्या दारात बायांना जवळपास अकराशे वर्षे उभे राहावे लागले. फातिमा अल-फिहरीची जी हकीकत आपण सांगतो ती इब्न अबी झर या लेखकाच्या १३२६ च्या ग्रंथातली, म्हणजे घटनेनंतर साडेचारशे वर्षांनी लिहिलेली. विसाव्या शतकात डागडुजी करताना मशिदीच्या मेहराबासमोर गिलाव्याखाली दडलेला एक कोरीव लेख सापडला. त्यावर ८७७ हे साल पडते आणि बांधणारा म्हणून नाव आहे इद्रिसी घराण्यातल्या दाऊदचे. अभ्यासकांचा त्यावर वाद चालू आहे. आम्ही कोणाची बाजू घेत नाही. फातिमा असेल, आणि असावी असेच आम्हालाही वाटते. पण दर आठ मार्चला मोबाइलवर तिचे काल्पनिक चित्र एकमेकांना पाठवणाऱ्यांपैकी एकानेही नववीतल्या त्या पोरीचा प्रश्न विचारलेला नव्हता. आम्हीही नाही.

इथल्या फातिमाचेही आपण तेच केले. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो, एवढा आधार हाती आहे. अलीकडे फातिमा शेख झाल्याच नाहीत असे म्हणणारे निघाले, आणि आपण सगळे त्यांच्याशी भांडायला धावलो. भांडावेच. पण एक फातिमा नवव्या शतकात होती की नाही, दुसरी एकोणिसाव्यात होती की नाही, यावर रात्र-रात्र वाद घालणारे आमचे लोक तिसऱ्या फातिमाबद्दल गप्प असतात. ती आमच्या हजेरीपटावर आहे. आठवीत तिच्या वर्गात बसायला जागा नसते आणि दहावीत बाके रिकामी पडतात.

आता प्रवासाकडे वळू. करवियीनच्या दाराशी गोऱ्या प्रवाशांची गर्दी होती. आत डोकावून ते फोटो काढत होते, कारण मोरोक्कोत बिगर-मुस्लिमांना बहुतेक मशिदींत जाऊ देत नाहीत. आमचा वाटाड्या मागे वळून म्हणाला, "तुम्ही चला." चपला हातात घेऊन आम्ही त्या गोऱ्यांच्या मधून आत शिरलो. खरे सांगायचे तर छाती फुगली होती. जन्मात पहिल्यांदा कुठल्या तरी दारात आमचे मुसलमान असणे उपयोगी पडले होते! आपल्याकडे घर भाड्याने घेताना नाव सांगितल्यावर काय होते हे वाचकांना सांगायला नको. त्यामुळे ती फुगलेली छाती आम्ही समजून घेतो. बाहेर आल्यावर वाटाड्याने हसत सांगितले की हा नियम शरियतीतून आलेला नाही. १९१२ मध्ये फ्रेंचांनी देश ताब्यात घेतला, त्यांचा पहिला रेसिडेंट जनरल लियोते याने तो घालून दिला. आपल्या लोकांनी मशिदींत शिरून रयतेला डिवचू नये, हा त्याचा हिशेब. ज्याला आम्ही इस्लामी इज्जत समजून छाती फुगवली ती एका फ्रेंच सेनापतीची प्रशासकीय सोय निघाली.

त्याच फेजमध्ये करवियीनचे ग्रंथालय आहे. इब्न खल्दूनने १३९६ मध्ये स्वतः भेट दिलेली आपल्या इतिहासग्रंथाची प्रत तिथे जपलेली आहे. त्या इमारतीत ओल शिरली होती, छत गळत होते. २०१२ मध्ये ती दुरुस्त करण्याचे काम सोपवले गेले अझिझा शाऊनी या वास्तुशास्त्रज्ञ बाईंकडे. त्या फेजच्याच, आणि आज हयात आहेत. त्यांनी शिकून, नकाशे काढून, गवंडी-सुतारांकडून ते काम तडीस नेले. टूरवाल्याच्या पत्रकात त्यांचे नाव नव्हते. मेलेली बाई अभिमानाला सोयीची असते, जिवंत बाई फीचे पैसे मागते.

फेजच्या जुन्या शहरात मोटार जात नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लादलेले खेचर आले तर भिंतीला चिकटायचे. हाकणारा "बालाक, बालाक" ओरडत येतो. एका दुकानात टांगलेल्या जुन्या हस्तलिखिताच्या पानापुढे आम्ही मास्तर मंडळी अडखळलो. मगरिबी लिपीत 'फे'चा नुक्ता खाली असतो आणि मोठ्या काफला वर एकच नुक्ता. पहिलीतल्या पोराने असे लिहिले असते तर आम्ही लाल शाई फिरवली असती! पाट्यांवर अरबी, फ्रेंच आणि तिफिनाघ अशी तीन लिप्यांतली नावे. तिफिनाघ ही अमाझिग लोकांची, ज्यांना आपली पुस्तके बर्बर म्हणतात, त्यांची लिपी. २०११ च्या संविधानाने त्यांच्या भाषेला अरबीच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिला. अरबी पाट्या आम्ही घडाघडा वाचत होतो आणि अर्थ एकाचाही धड लागत नव्हता. आमची मुले कुराण असेच वाचतात.

आमच्या बसचा ड्रायव्हर घरी अमाझिग बोलायचा, बाजारात दारिजा, कागदपत्रांना फ्रेंच. पोराच्या शाळेबद्दल विचारले तर त्याने डोक्याला हात लावला. २०१९ च्या कायद्याने तिथे गणित-विज्ञान फ्रेंचमध्ये शिकवण्याची वाट मोकळी केली. त्यावर मोठे वादळ झाले, अजून शमलेले नाही. अरबीत शिकलेला मुलगा कॉलेजात गेला की फ्रेंचपुढे मुका होतो. हे ऐकताना आम्ही पाचही जण एकमेकांकडे पाहत राहिलो. घरी खानदेशी वळणाची उर्दू, शाळेत किताबी उर्दू, कचेरीत मराठी, आणि अकरावी सायन्सला इंग्रजी. हे तर आमचेच दुखणे! जवळपास पाच हजार मैलांवरचा शिक्षक रोज याच गाठीशी झगडतो, हे पाहण्यासारखे होते. पण कार्यक्रमात 'शाळा' नव्हती. होत्या त्या रिकाम्या शाळा, म्हणजे मरिनी सुलतानांचे मदरसे. अत्तारीन १३२५ चा, बू इनानिया १३५५ च्या सुमाराचा. कोरीव देवदार, चुन्यातली जाळी, अंगणात पाणी. सुंदर आहेत, डोळ्यांचे पारणे फिटते. वर विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत, त्या मात्र कोंबड्यांच्या खुराड्याएवढ्या.

मग चामड्याचे हौद. वरच्या गच्चीवरून पाहायचे. खाली दगडी रांजणांत चुना, कबुतराची विष्ठा, रंग, आणि त्यात मांड्यांपर्यंत उतरलेली माणसे. वास असा की पोटातले वर यावे. म्हणून दुकानदार प्रत्येक पाहुण्याच्या हातात पुदिन्याची काडी देतो, नाकाशी धरायला. सगळ्यांनी धरली. आमच्यातल्या एका सहकाऱ्याने घेतली नाही. ते खाटीक बिरादरीचे. त्यांचे वालिद बकरीदच्या दिवसांत मीठ लावून कातडी साठवायचे आणि तेव्हा मोहल्ल्यातली शरीफ मंडळी त्यांच्या गल्लीतून नाकाला रुमाल लावून जायची. ते म्हणाले, "मैं इस बू में बडा हुआ हूं." परतल्यावर तोच हौदाचा फोटो पडद्यावर आला तेव्हा लोक वाहवा करत होते: काय रंग, काय कारागिरी! आपल्या खाटिकाचा वास येतो आणि फेजच्या खाटिकाचा वारसा होतो. आमच्यात जातपात नाही असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी याचा जबाब द्यावा.

आम्हाला डोंगरात नेले नाही. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री मराकेशच्या दक्षिणेला भूकंप झाला आणि तीन हजारांच्या आसपास माणसे गेली. मातीची घरे झोपलेल्या माणसांवर बसली. बाराव्या शतकातली तिनमेलची मशीदही ढासळली. १९९३ च्या किल्लारीचे फोटो आम्ही लहानपणी वर्तमानपत्रांत पाहिलेले, त्यामुळे विचारले, तिकडे जाता येईल का? वाटाड्या म्हणाला, कार्यक्रमात नाही. संध्याकाळी जामा अल-फनाच्या चौकात नाग आणि माकडे पाहिली.

आणखी एक गोष्ट कार्यक्रमात नव्हती. रबातच्या रस्त्यांवर मार्च २००० मध्ये बायांचा मोर्चा निघाला होता, कौटुंबिक कायदा बदला म्हणून. त्याच दिवशी कासाब्लांकात त्याच्या विरोधात त्याहून मोठा मोर्चा निघाला, त्यातही बाया होत्या. त्याआधी १९९२ मध्ये दहा लाख सह्यांची मोहीम झालेली. या रेट्यातून २००४ मध्ये मुदव्वना नावाचा त्यांचा कौटुंबिक कायदा नव्याने आला. मुलीच्या लग्नाचे वय १८, कुटुंबाची जबाबदारी नवरा-बायकोवर मिळून, तलाक कोर्टापुढे, दुसऱ्या लग्नाला न्यायाधीशाची परवानगी. आणि हे सगळे कुराण-हदीसचे दाखले देत, मुसलमान राजाने, मुसलमान संसदेत. सगळे आलबेल झाले असे मुळीच नाही. न्यायाधीश सवलत देऊन अल्पवयीन मुलींची लग्ने लावत राहिले, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये आणखी बदलांचा आराखडा पुढे आला आणि पुन्हा भांडण जुंपले. भांडतात, हेच आम्हाला मोलाचे वाटते. आपल्याकडे कोणी हा विषय काढला की तो एकतर सरकारचा हस्तक नाहीतर दीनचा दुश्मन. मोरोक्कोच्या कमानीवर फिदा झालेल्या आमच्या मंडळींना आम्ही मुदव्वना म्हणजे काय ते सांगितले. सगळे गप्प. एकाने चहा मागवला.

संस्थेतले लोक वाईट नाहीत. त्यांचे म्हणणे असे: "मास्तर, चोहीकडून आपल्याला ऐकवतात, तुम्ही आक्रमक, तुम्ही अडाणी. मुलांना मान वर करायला काही नको का? कमान पाहून पोराला वाटेल, आपणही कोणी होतो." हा मुद्दा आम्ही उडवून लावणार नाही. अपमान गिळणाऱ्या माणसाला अभिमानाची भूक लागते, ती आम्हालाही लागते, करवियीनच्या दारात लागलीच होती. पण ज्याच्यावर मान वर करायची ते आधी नीट वाचा तरी.

तंजा शहरात १३०४ मध्ये जन्मलेला इब्न बतूता घ्या. गल्फहून आलेल्या आमच्या पोरांना हे नाव दुबईच्या मॉलचे म्हणून माहीत आहे. हा माणूस मुहम्मद तुघलकाच्या दरबारी दिल्लीचा काझी होता. १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला, तो दौलताबादवरून आमच्या नंदुरबारला आला. नंदुरबार! इथले मराठे कारागिरीत कुशल, वैद्यकी आणि ज्योतिष जाणणारे, भात, भाजीपाला, तिळाचे तेल खाणारे, असे त्याने नोंदवले. ही सगळी आठवण पुढे फेजमध्ये बसून सांगितली, लेखनिकाने लिहून घेतली, १३५५ मध्ये ग्रंथ पुरा झाला. फेजच्या त्या गल्ल्यांत एकेकाळी कोणी तरी नंदुरबारबद्दल बोलत होते, हे आम्हाला तिथे असताना ठाऊक नव्हते. संत वगैरे नव्हता तो. गुलाम बाळगायचा, गावोगाव निकाह करून बायका मागे सोडायचा. पण त्याची नजर पक्की होती.

हा इब्न बतूता पुढे गोव्याच्या खाली होन्नावरला पोचला. तिथे मुसलमानांच्या वस्तीत त्याने मुलांच्या २३ शाळा मोजल्या आणि मुलींच्या १३. बाया कुराण पाठ म्हणणाऱ्या. आणि तो नोंदवतो की असे त्याने इतरत्र कुठे पाहिले नव्हते. वाचकहो, इथे थांबा. हा माणूस मक्का, कैरो, दमास्कस, बगदाद पाहून आलेला. करवियीन तर त्याच्याच मुलखात. त्याने जे कुठे पाहिले नाही ते आपल्या किनाऱ्यावर पाहिले. आम्ही तीन वर्षे भिशी भरून फेजला गेलो मुलींच्या शिक्षणाचा अभिमान आणायला, आणि फेजच्या देशातला माणूस पावणेसातशे वर्षांपूर्वी तो आमच्याकडून घेऊन गेला होता! नववीतल्या त्या पोरीला द्यायचे खरे उत्तर हे होते. फातिमाच्या मदरशात मुली नव्हत्या बेटा, होन्नावरला होत्या.

नुसती मान वर करायची तर दूरही जायला नको. मलिक अंबर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचे औरंगाबाद, कागदोपत्री २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून नळ टाकून पाणी आणले. खुलताबादला त्याची कबर आहे. आमच्या शाळेची सहल आजवर तिथे गेलेली नाही. दोनदा वॉटर पार्कला गेली.

आता कमान. आमच्या शाळेत दहावीपर्यंत वर्ग आहेत. अकरावीला तालुक्याला जावे लागते. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे, बारावीपर्यंत चालते. पण गाडी सकाळी पोचते ती पहिला तास संपल्यावर, आणि परतीची शेवटची गाडी येते तोवर अंधार पडतो. बाप म्हणतो, बस झाले. आई म्हणते, एक रिश्ता आलाय. बाप जुलमी असतो असेही नाही. तो रात्रीच्या गाडीला घाबरतो आणि मोहल्ल्याच्या तोंडाला घाबरतो. यावर इलाज कठीण नाही: शाळेतच अकरावी-बारावीची तुकडी मागायची, नाहीतर मुलींसाठी एक गाडी लावायची. हा विषय संस्थेच्या बैठकीत पूर्वीही निघाला होता. तेव्हा उत्तर मिळाले, फंड नाही. मुलींचे स्वच्छतागृह दोन, त्यातल्या एकाला कडी नाही. कडीलाही फंड नव्हता. कमानीला मात्र एका बैठकीत आकडा ठरला आणि तिथल्या तिथे चौघांनी नावे लिहून दिली, कारण कमानीवर नाव कोरता येते, एसटीच्या वेळेत बसवलेल्या गाडीवर येत नाही.

कासाब्लांकाला समुद्रावर उभी केलेली हसन दुसरा मशीद आम्ही पाहिली. १९९३ मध्ये पुरी झाली, मिनार २१० मीटर. तिच्यासाठी गरिबांकडूनही वर्गणी गोळा केली होती, आणि ती सक्तीची होती अशी तक्रार तिथले लोक आजही करतात. नमाज पढताना समुद्राचा आवाज येतो. बाहेर पायऱ्यांवर आमच्या वयाची एक बाई कागदी रुमाल विकत बसली होती. तिच्या मुलीच्या मांडीवर शाळेची वही होती, फ्रेंचमधली बेरीज-वजाबाकी. आमच्या भगिनींनी तिचा एक हातचा दुरुस्त करून दिला. आठ दिवसांत आम्ही शिकवले ते एवढेच. त्याचा फोटो कोणी काढला नाही, म्हणून तो पडद्यावरही आला नाही.

पाचपैकी दोघांच्या नावे पावतीपुस्तके आली आहेत, शंभर-शंभर पानांची. अजून एकही पावती फाडलेली नाही. आम्ही पाचही जणांनी सह्या करून अर्ज दिला आहे की कमानीचा आकडा अकरावीच्या तुकडीकडे वळवावा, आणि तोवर एक गाडी ठरवावी. होन्नावरच्या तेरा शाळांची नोंद अर्जाला जोडली आहे. सदरसाहेबांनी अर्ज ठेवून घेतला, नाराज झाले, पण घेतला. पुढच्या महिन्यात बैठक आहे. ती नववीतली मुलगी आता दहावीत आहे आणि तिच्या घरी पाहुणे येऊन गेले, असे वर्गातल्या मुली सांगतात. उद्या आम्ही तिच्या घरी जाणार आहोत. दोन्ही भगिनी आधी आत जातील, आईशी बोलतील. आम्ही वालिदांबरोबर ओट्यावर बसू.